कॅमेऱ्यासमोरची गौरी

आमच्या घराच्या तळघरात, बुटांच्या खोक्यात, एक महालक्ष्मी बरीच वर्षं पडून होती. पुण्याकडे तिला गौरी म्हणतात, आमच्या नागपूरकडे महालक्ष्मी. सासूबाईंनी मोठ्या हौसेनं मुखवट्यांची जोडी दिली होती. आम्ही ती साड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून आणली, आणि मिशिगनला पोचून बॅग उघडली तर धाकटीचे तुकडे झालेले. थोरली मात्र ठणठणीत, गालावरचा रंगसुद्धा उडाला नव्हता. आता जोडीतली एकटी बसवता येत नाही. प्लास्टरची म्हणून इथल्या तळ्यात सोडता येत नाही. कचऱ्यात टाकायचा तर विचारही करवत नाही. मग ती खोक्यात. घर बदललं तेव्हा तीही आमच्याबरोबर मिशिगनमधल्याच नोव्हाय गावातल्या ह्या घरात आली आणि पुन्हा तळघरातच गेली.

मी काही देवभोळी नाही. पण कधी सामान शोधताना ते खोकं उघडलं गेलं, तर ती असे मोठे डोळे करून बघायची की झाकण लावताना माझ्या तोंडून "सॉरी" निघायचं. नवरा हसायचा.

मी इथे गाड्यांमधल्या स्क्रीनच्या सिस्टीम तपासते. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं कुठे मोडतं ते शोधायचं आणि वर त्यांच्याच शिव्या खायच्या. तुझ्या स्वभावाला साजेसं काम आहे, असं नवऱ्याचं मत. शनिवार-रविवारी मात्र मी एका ग्रुपसाठी फुकट काम करते. आजारानं ज्यांचे हात आणि आवाज गेले, त्यांना डोळ्यांनी टाइप करून बोलता यावं म्हणून ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून लिनक्स ह्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर एक सिस्टीम बनवली आहे. स्क्रीनखाली कॅमेरा असतो, तो नजर ओळखतो. ज्या अक्षरावर नजर ठरते ते उमटतं, आणि वाक्य पुरं झालं की मशीन ते मोठ्यानं वाचतं. त्यात मराठीची भर आम्ही घातली, आणि खरं सांगायचं तर ती काकांसाठी घातली.

काका आमच्या मागच्या गल्लीत राहतात. सख्खे कुणी नव्हेत, पण आम्ही नोव्हायला आलो तेव्हा घरी पहिला डबा आला तो काकूंचा. काकांनी सगळी हयात गाड्यांचे ब्रेक तपासण्यात घालवली. रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत मज्जातंतूंचा तो आजार निघाला. आधी हात गेले, मग पाय, मग आवाज. डोळे आणि डोकं मात्र पहिल्यासारखं लख्ख. मशीन आल्यावर काका पुन्हा बोलायला लागले, आणि त्या दोघांची भांडणंही पुन्हा सुरू झाली. सुरुवातीला मशीनचा मराठी आवाज बाईचा होता. काकू म्हणाल्या, "घरात सवत आणून बसवलीस गं!" मग आम्ही खटपट करून पुरुषाचा आवाज मिळवला. काकूंना तो काकांपेक्षा गोड वाटला.

ह्या वसंतात काकांची व्हीलचेअर व्हॅनमधून उतरवताना तिच्यावरचा कॅमेरा निखळला आणि चाकाखाली गेला. तसला कॅमेरा आता बनतच नव्हता. त्याच कंपनीचा नवा मिळाला, पण आमची सिस्टीम त्याला ओळखेना. काकांचा आवाज दुसऱ्यांदा गेला.

इथे थोडं कामातलं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमची सिस्टीम सीलबंद डब्यासारखी येते. आतलं सुटं काही काढायचं-घालायचं नसतं. अपडेट आलं की अख्खा डबाच नवा, आणि मागचा डबा जसाच्या तसा ठेवलेला असतो, म्हणजे नव्यात काही नासलं तर मशीन जुन्यावर परत येतं. ज्याला स्वतःचं मशीन दुरुस्त करता येणं शक्य नाही त्याच्यासाठी ही सोय सोन्यासारखी आहे. ह्या डब्याच्या अगदी आत कर्नल असतो, म्हणजे कॅमेरा, स्क्रीन, स्पीकर ह्या सगळ्यांकडून काम करून घेणारा गाभा. नवा कॅमेरा फक्त नव्या कर्नलला कळत होता. म्हणजे सीलबंद डबा तसाच ठेवून त्यातला गाभा तेवढा बदलायचा. करता येतं, पण कधी कधी मशीन पुन्हा उठतच नाही, तर कधी उठतं पण स्पीकर मुका होतो. म्हणून आमच्यात नियम आहे. बदललेला कर्नल आधी एका जुळ्या मशीनवर चालवायचा, पुन्हा पुन्हा, माणसाचा हात न लागता. तो दिवसरात्र बिनचूक चालला, तरच माणसाच्या मशीनवर.

हा नियम काकांचाच. मशीन नवं होतं तेव्हा मी एकदा घाईनं काहीतरी त्यांच्यावरच करून बघायला निघाले होते. काकांनी डोळ्यांनी सावकाश टाइप केलं, "टेस्ट झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर नाही." वर आणखी लिहिलं, "आणि टेस्ट करणाऱ्यानं मदत करायची नाही." ते खरंच होतं. माणूस समोर बसला की नकळत मदत करतो, केबल चेपतो, कॅमेरा सरळ करतो, नाही चाललं तर पुन्हा बटण दाबतो. काकांच्या घरी मशीन आपोआप बंद होऊन उठलं, तर त्याला मदत करायला हात नाहीत. ते वाक्य मी ग्रुपच्या नियमांत इंग्रजी करून घातलं.

आणि आता तोच नियम त्यांच्या आड आला होता. मी विचारलं, "काका, ह्या वेळी डायरेक्ट तुमच्या मशीनवर टाकू का? तुम्हाला बोलायची घाई आहे." पापणी एकदा मिटली म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. काकांनी ती दोनदा मिटली, आणि असं बघितलं की पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

घाई मात्र खरी होती. काकांना गिळता येईनासं झालं होतं. प्रत्येक घासाला ठसका. अन्नासाठी पोटात नळी घालायची का, हे डॉक्टरीणबाईंनी मागच्या भेटीत विचारलं तेव्हा काकांनी पापणी ना एकदा मिटली ना दोनदा. डोळे मिटूनच घेतले. आमच्या घरात, म्हणजे त्यांच्या घरात, ह्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता, मला काहीतरी बोलायचंय. पुढची भेट पुढच्याच आठवड्यात होती.

"त्यांना काय सांगायचंय देव जाणे," काकू म्हणाल्या. "डॉक्टरांनी मला विचारलं तर मी हो म्हणेन गं. पण ते माझं हो होईल."

त्या हे ओट्याशी उभ्या राहून सांगत होत्या. हातात ताटली, तीत गार झालेली भाजी-पोळी. काकांना ठसका लागतो, त्यांच्यादेखत कसं जेवायचं, म्हणून त्या हल्ली स्वयंपाकघरात उभ्यानंच दोन घास खायच्या. मला ते दिसत होतं. अक्षरांचा एक पुठ्ठ्याचा तक्ताही घरात होता, नजरेनं अक्षर दाखवायचं आणि समोरच्यानं वाचायचं. पण काकू पहिल्या अक्षरावरच अख्खं वाक्य पुरं करायच्या, आणि ते दरवेळी भलतंच निघायचं. काकांनी त्या तक्त्याकडे बघणंच सोडून दिलं होतं.

तर जुळं मशीन मी काकांच्याच घरी, उन्हाच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीशेजारच्या टेबलावर मांडलं. खोली तीच, उजेड तोच, कॅमेरा तसलाच. कामही ठरवून दिलं. कर्नल बदल, बंद होऊन पुन्हा ऊठ, कोणत्या कर्नलवर उठलास ते सांग, स्पीकर वाजव, कॅमेरा उघड, समोर दोन डोळे दिसतात का बघ. मग जुन्यावर परत जा आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक फेरीचा निकाल माझ्या फोनवर, हिरवा नाहीतर लाल.

अडचण एकच, समोर दोन डोळे कुणाचे? माणूस बसवायचा नाही हे तर ठरलेलं. छापलेला फोटो लावला, पण कॅमेरा बुबुळातली चमक शोधतो आणि कागद काही चमकत नाही. मुलीची लहानपणीची बाहुली आणली, तिचे डोळे वाटाण्याएवढे. हात टेकणार तेवढ्यात मला तळघरातलं खोकं आठवलं. माणसाएवढा चेहरा. मोठे, काळेभोर, चकचकीत रोगण दिलेले डोळे. मी तिला घेऊन गेले, काकूंच्या तांदळाच्या डब्यावर बसवली, उंची काकांच्या तोंडाएवढी केली. पहिल्याच फेरीत हिरवं!

काकू पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. "गौरीला कॉम्प्युटरच्या कामाला लावलीस? अगं बाई, पाप लागेल."

"काकू, नाहीतर ती खोक्यातच होती. इथे निदान उजेडात आहे."

त्यांनी जरा विचार केला. "असू दे मग. माहेरवाशीण आलीय म्हणते मी." काका हे सगळं ऐकत होते. ते आयुष्यात कधी देवापुढे उभे राहिलेले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

फेऱ्या छान चालल्या. मी ऑफिसात बसून फोन बघायची, हिरवं, हिरवं, हिरवं. मीटिंगमध्ये गाडीच्या स्क्रीनबद्दल कुणी काही विचारलं तर उत्तर देता देता हळूच एक नजर फोनवर. अमेरिकेच्या पार पश्चिम टोकाला, बॉथेलला, आमच्या ग्रुपमधला एक मुंबईकर आहे, नव्या कर्नलची जुळणी त्याचीच. तो म्हणाला, "वीकएंडला टाकून देऊ काकांच्या मशीनवर. सेट आहे यार."

शुक्रवारी दुपारी लाल आलं. मग पुन्हा लाल. मग ओळीनं सगळी लालच. मशीन उठत होतं, कर्नल बरोबर होता, स्पीकरही वाजत होता, फक्त शेवटच्या ओळीत यायचं, डोळे सापडले नाहीत. काकांच्या मशीनवर हे झालं असतं तर काय, हे मनात आलं, आणि आता वीकएंड गेला, हेही.

ऑफिस सुटल्यावर थेट तिकडे गेले. गौरीच्या कपाळावर हळदीकुंकू, पुढ्यात निरांजन, गळ्यात काकूंच्या हातची मोगऱ्याची माळ. शुक्रवार ना, देवीचा वार. मला हसू आलं, पण माझं लक्ष स्क्रीनवर होतं. "तिला हलवू नकोस हं, पूजा झालीय," काकूंनी ताकीद दिली. मग मी तिला धक्का न लावता मधेच वाकून स्वतःचा चेहरा कॅमेऱ्यापुढे धरला. एकदम हिरवं. बाजूला झाले, फेरी आपली आपण होऊ दिली. लाल.

हे मी बॉथेलला कळवलं. त्यानं व्हिडिओवर डोकं खाजवलं. "म्हणजे क्लिअर आहे. तू बसलीस की चालतं, आपोआप होताना नाही. टायमिंग इश्यू. कॅमेरा लेट वेक-अप होतोय. वेट वाढवून बघू या."

आम्ही कॅमेऱ्याला जागं व्हायला जास्त वेळ दिला. लाल. आणखी दिला. लाल. कर्नलची जुळणी नव्यानं केली. लाल. शनिवार असाच गेला. असल्या वेळी माझा स्वभाव कसा होतो ते घरच्यांना विचारावं. नवऱ्यानं चहा विचारला तर मी त्याला केबलबद्दल ऐकवलं. कॅमेऱ्यानं काय बघितलं ते चित्र साठवलं असतं तर एका क्षणात उलगडा झाला असता. पण कुणाच्या घरातलं चित्र साठवायचं नाही, हाही आमचाच नियम, आणि तोही बरोबरच आहे. नियम बरोबर असले की जास्त राग येतो.

मी काकांजवळ जाऊन बसले. "काका, कॅमेरा उशिरा जागा होतोय असं दिसतंय." पापणी दोनदा मिटली. नाही. "म्हणजे, आम्हाला तसं वाटतंय." पुन्हा दोनदा, ह्या वेळी जोरात. मला वाटलं, ते नेहमीसारखे म्हणतायत की वाटतंय म्हणू नकोस, तपासून सांग. मी म्हणाले, "हो हो, तपासते," आणि उठले. माझ्या मागे त्यांची नजर कुठे गेली, हे मी वळून बघितलं नाही.

रविवारी सकाळी गेले तर काकूंनी दारातच मला थांबवलं. डोळे भरून आलेले. मला वाटलं काहीतरी वाईट घडलं.

"अगं, चमत्कार बघ," त्या कुजबुजल्या. "शुक्रवारपासून ह्यांची नजर गौरीवरून हलत नाही. खुर्ची तिकडे वळवलेली नाही तरी डोळे तिकडेच. आधी मला बघतात, मग तिला बघतात. आयुष्यात कधी हात जोडले नाहीत ह्या माणसानं. आता हात नाहीत तर डोळ्यांनी नमस्कार करतायत."

दारातून मी बघितलं. खरंच. काका तिरप्या नजरेनं मुखवट्याकडे बघत होते. काकू आत येताच त्यांच्याकडे, मग मुखवट्याकडे, मग काकूंकडे. काकूंनी दोन्ही हात जोडले आणि त्याही गौरीकडे वळल्या. काकांनी डोळे गच्च मिटून घेतले.

मला काकूंचं फार वाईट वाटलं, कारण त्यांचा आनंद खरा होता. पण काकांना मीही ओळखत होते. ब्रेक तपासण्यात जन्म घालवलेला माणूस एखाद्या वस्तूकडे इतका वेळ बघतो तो तिच्या पाया पडायला नाही. तिचं काहीतरी बिघडलंय म्हणून बघतो. मी त्यांच्या खुर्चीमागे गेले, माझं डोकं त्यांच्या डोक्याला लावलं आणि ते बघत होते तिकडे बघितलं.

गौरी वळली होती. फार नाही. उभ्यानं वरून बघणाऱ्याला कळणारही नाही इतकीच, उजवीकडे. पण कॅमेऱ्याच्या बाजूनं बघितलं तर तिचा एकच डोळा दिसत होता, दुसरा नाकाआड, आणि त्यावर माळेतलं एक फूल.

"काका," मी विचारलं, "हिला कुणी वळवलंय का?"

पापणी मिटली. एकदाच. आणि मिटलेलीच राहिली कितीतरी वेळ, जणू आता तरी ह्या बाईला नक्की कळू दे.

"मी वळवली," काकू म्हणाल्या. "तू तिला दक्षिणेकडे तोंड करून बसवली होतीस. दक्षिणेकडे बसवतात का गं कुणी देवीला? मी जराशी पूर्वेकडे केली. तेवढ्यानं काय होतंय?"

शुक्रवारपासून बॉथेलपासून नोव्हायपर्यंत शिकलेसवरलेले लोक कर्नलच्या मागे लागले होते. ज्या एकाच माणसानं सगळं घडताना बघितलं होतं, तो माझ्यासमोर बसून मला सांगत होता. आणि मी, नजर ओळखणारं मशीन बनवायला निघालेली, त्याची नजर ओळखत नव्हते. हसू आलं, आणि हसता हसता रडूही. काकूंना वाटलं मी त्यांच्यावर रागावले. मी त्यांना मिठी मारली.

गौरीला सरळ केलं. हिरवं. काकूंचा चेहरा बघून मात्र मला तसं सोडवेना. दक्षिणमुखी देवी घरात आहे म्हटल्यावर त्यांना जेवण गोड लागलं नसतं. मग आम्ही टेबलच फिरवलं. कॅमेरा पूर्वेला, गौरीचं तोंड पूर्वेला, दोघं समोरासमोर. मी काकांना विचारलं, "आधीच्या फेऱ्या धरायच्या ना?" त्यांनी पापणी दोनदा मिटली. मांडणी बदलली, टेस्ट पहिल्यापासून. मी मनात चार शब्द बोलले आणि पहिल्यापासून सुरू केली.

बॉथेलला फोन केला तेव्हा त्यानं सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "यार, माझ्या आईला सांगू नकोस. ती म्हणेल, बघ, मी सांगत होते दिशा बघत जा म्हणून." त्यानं टेस्टमध्ये एक नवी पायरी घातली. कर्नलला हात लावायच्या आधी एका साध्या कॅमेऱ्यानं बघून घ्यायचं की समोरचे डोळे जागेवर आहेत. त्या पायरीला त्यानं नाव दिलं गौरी चेक. पुढे कुठल्याशा देशातल्या एका बाईनं ग्रुपवर विचारलं होतं, ही गौरी कोण, तिच्या नावानं टेस्ट का? आम्ही लिहिलं, आमची सगळ्यात सीनियर टेस्टर.

सोमवारचा दिवस आणि रात्र हिरवी गेली. मंगळवारी ऑफिसातून हाफ डे घेऊन मी काकांच्या मशीनमधला कर्नल बदलला. मशीन बंद झालं. स्क्रीन काळी. काकू माझा दंड धरून उभ्या होत्या. मग स्क्रीन उजळली, अक्षरं आली, आणि कॅमेऱ्याजवळचा ठिपका काकांच्या नजरेबरोबर हलायला लागला. काका सावकाश एकेका अक्षरावर थांबत गेले, आणि तो गोड आवाज पुन्हा घरात आला.

"शुक्रवारपासून सांगतोय."

काकूंनी आधी डोळे पुसले. मग वाक्याचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला. "म्हणजे? अहो, तुम्ही नमस्कार नव्हता करत?"

"नाही. ती वळली होती."

"मेलं माझंच डोकं फिरलेलं!" म्हणत काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि भांड्यांची आदळआपट सुरू झाली. काका ती ऐकत होते. इतक्या दिवसांनी घर घरासारखं वाजत होतं, आणि त्यांचा चेहरा हलत नसला तरी ते मनापासून हसतायत हे मला दिसलं. आता मला दिसायला लागलं होतं.

डॉक्टरांच्या भेटीला मीही गेले. म्हटलं, काही अडलं तर केबल चेपायला कुणीतरी हवं. डॉक्टरीणबाई अमेरिकन, मन लावून ऐकणाऱ्या. त्या काकांसमोर स्टूल ओढून बसल्या आणि नळीचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला, काकूंना नाही, त्यांना. वेळ घ्या म्हणाल्या. काकांनी घेतला. खोलीत फक्त अक्षरं उमटल्याचा बारीक टिकटिक आवाज. काकूंनी पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मग मशीन मराठीत बोललं.

"नळी घाला. पण एक अट आहे. मग हिनं ताट वाढून घ्यायचं आणि माझ्यासमोर बसून जेवायचं. आत उभ्यानं नाही."

डॉक्टरीणबाईंनी काकूंकडे बघितलं. उभ्यानं खाल्लेले ते घास त्यांनी काकांच्या नजरेआड खाल्ले होते, निदान त्यांना तसं वाटत होतं. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच मला गप्प केलं.

"ही सेज येस," काकू इंग्रजीत म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी इंग्रजीतच विचारलं, फक्त येस? वाक्य तर चांगलं मोठं वाटलं.

काकूंनी रुमाल काढला, नाक पुसलं, आणि काकांच्या मांडीवरचा हात आपल्या हातात घेतला. "बाकीचं माझ्यासाठी आहे," त्या मराठीतच म्हणाल्या.